पाय बघू!

आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे नाना माणसाला खालून वर बघतात. तोंडओळख नंतर, आधी टाच. जिन्यात कुणी पुढे चालत असेल तर नाना दोन पायऱ्या मागे राहतात आणि घरी जाऊन काकूंना सांगतात, "दुसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. गृहस्थांच्या भेगा उत्तम आहेत."

बँकेतून निवृत्त झालेला माणूस एक तर भजनी मंडळाला लागतो, नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे. नाना सेक्रेटरीच्याच मागे लागणार, ही आमची अटकळ होती. सेक्रेटरीने राजीनामा लिहूनही ठेवला होता. पण मुलीने त्यांना एकदा मॉलमध्ये नेलं आणि तिथल्या माशांच्या टाकीत पंधरा मिनिटं पाय सोडून बसवलं. पायांचं काय झालं ते नानांच्या लक्षात नाही, पावती मात्र आहे. "पंधरा मिनिटांना एवढे? एवढ्यात मासेच येतील की!" आणि पुढच्याच रविवारी नाना मुंबईहून लोकलने पाण्याची फुगलेली पिशवी पोटाशी धरून डोंबिवलीला उतरले. पिशवीत आठ मासे. जात गारा रूफा, लोकांच्या भाषेत डॉक्टर फिश.

तेव्हापासून हा माणूस बदलला. मूळ मासे तुर्कस्तानातल्या कांगलच्या गरम झऱ्यातले. तिथलं पाणी पस्तीसेक अंशांचं, त्यात माशाला खायला फारसं काही मिळत नाही, म्हणून पाण्यात उतरलेल्या माणसाची मेलेली कातडी ते ओरबाडतात. सोरायसिसचे रोगी तिथे तीन-तीन आठवडे मुक्काम करतात. हे सगळं नाना इतक्या आपुलकीने सांगतात, की कांगल म्हणजे त्यांचं कल्याणच्या पुढचं आजोळ वाटावं. माशांना जबड्यात दात नाहीत, खाली चोखायची चकती आहे, हे दाखवताना ते स्वतःचे ओठ पुढे काढतात. त्या वेळी काकू उठून आत जातात.

ती चकती काकूंना चांगलीच ठाऊक आहे. तिच्या जोरावर मासे काचेवर चढतात आणि फट दिसली की बाहेर पडतात. एक टीव्हीमागे सापडला, तोही बातम्या चालू असताना. त्या दिवसापासून टाकीच्या झाकणावर वजन म्हणून पोळपाट असतो आणि काकू पोळ्या उपड्या ताटावर लाटतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून घरातल्या सगळ्या बादल्या चोवीस तास भरून उघड्या ठेवलेल्या. थंडीत माशांना हीटर. माणसांनी मात्र गीझर दहा मिनिटांत बंद करायचा.

पण खरा घोळ निराळाच होता. माशांनी पाय कुरतडावेत तर ते भुकेले हवेत. त्यांनी अंडी घालावीत तर खाऊन-पिऊन तुकतुकीत हवेत. आणि नानांना दोन्ही हवं होतं. मग सोम ते गुरू भरपेट शेवाळ आणि गोळ्या, शुक्र-शनी कडकडीत उपास, आणि रविवारी पाहुणे. कपडे भिजवायच्या निळ्या टबात टाकीतलंच पाणी, त्यात मासे, आणि समोर खुर्ची. नियम कडक. पायाला साबण नाही, मलम नाही, तेल तर नाहीच. सिलिंडरवाला सुटे पैसे मिळेपर्यंत दारात थांबला तरी, "उभे कशाला? बसा हो, पाय सोडा." त्याच्या टाचांना नानांनी पूर्ण गुण दिले होते. मी एकदा बसलो. पाच मिनिटं झाली तरी एक मासा जवळ येईना. नानांनी वाकून पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, "तुझ्या पायांत काही नाही रे."

माझ्या आजोळी ओढ्यात पाय टाकला की बारके मासे फुकट गुदगुल्या करत, असं मी चिडून बोललो, आणि फसलो. नाना उसळले. "ते मल्या असणार! याच कुळातले! कर्नल साईक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावात आपलं मराठी नाव तसंच ठेवलं. गारा मुल्या!" पुढचा पाऊण तास मी साईक्ससाहेबांच्या सहवासात काढला.

एका टबात इतक्यांचे पाय, हे काकूंना पहिल्यापासून पसंत नव्हतं. "मासे काही उकळून घेता येत नाहीत," एवढंच त्या म्हणत. माझ्या मते या विषयावर आजवर झालेलं हे सर्वात शहाणं वाक्य आहे. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांनी अशी दुकानं बंद केली, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

नानांना मात्र धडा मिळाला तो साडूंकडून. आठातला एक मासा भराभर वाढत होता आणि नाना त्याचं कौतुक करत होते. साडूंनी टबात पाय टाकला आणि क्षणात किंकाळी फोडून वर घेतला. अंगठ्यातून रक्त. सगळे हळद शोधायला धावले. नाना एकटे टबाशी बसून आनंदाने ओरडत होते, "हा गारा नव्हेच! तिलापियाचं पिल्लू! याला दात येतात! मला संशय होताच!" दुकानदाराने दिसायला सारखा म्हणून तो गळ्यात मारला होता. साडू तेव्हापासून सणालासुद्धा बूट घालून येतात.

त्यानंतर टब वाळत पडला आणि नाना पिल्लांच्या मागे लागले. नराच्या तोंडावर विणीच्या दिवसांत पांढरे दाणे येतात. ते मोजायला भिंग आलं. मादी पोटाने फुगली, पाण्याचा झोत वाढवला, एका सकाळी अंडीही दिसली. नाना चष्मा आणायला गेले, परत येईपर्यंत आई-बापांनी नाश्ता उरकला होता. असं तीनदा झालं.

चौथ्या खेपेला काकूंनी नातवाच्या गोट्यांची पिशवी टाकीच्या तळाशी रिकामी केली. अंडी गोट्यांच्या फटीत उतरली, माशांची तोंडं तिथवर पोचेनात. नाना थक्क. "हे शास्त्र तुला कुणी सांगितलं?"

"डाळ निवडते ना रोज. बारीक खडे बरोबर तळाला जातात."

दोनेक दिवसांत पिल्लं फुटली, डोळे आणि शेपटी एवढाच ऐवज. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायचा होता. ज्या घरात तीन पिढ्यांत अंडं शिरलं नव्हतं, तिथे ते नेमकं एकादशीला शिरलं. काकूंनी त्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी मांडली आणि वेळ लावून स्वतः उकडलं.

सध्या सतरा पिल्लं आहेत. नाना ती विकणार नाहीत, फुकट देणार आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर यावं, येताना बादली आणावी आणि पायांत मोजे घालू नयेत.