भरीत विरुद्ध ब्राझील

2025 च्या ऑगस्टमध्ये जळगावच्या जैन हिल्सवर अकरा वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली. अशा स्पर्धांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, आणि आईबाप बाहेर ताटकळत राहतात. कारण उघड आहे. खिशातला फोन आज जगज्जेत्यालाही सहज हरवतो, म्हणून पटाशी फक्त माणूस हवा. धुळ्यात माझ्या भाच्याच्या खोलीत कायदा नेमका उलटा आहे. तिथं पटावर दोन्ही बाजूंनी यंत्रं, आणि माणसाला मज्जाव. "अरे, तो घोडा पुढे घे ना," असं मी एकदा न राहवून म्हणालो, तर उत्तर आलं, "मामा, तुम्ही फक्त बघा. मीपण फक्त बघतो."

त्यानं स्वतः एक बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. जगातल्या सगळ्यात ताकदवान प्रोग्रॅमचं नाव स्टॉकफिश, म्हणजे सुकवलेला मासा. मग खानदेशी पोरानं आपल्या प्रोग्रॅमचं नाव 'भरीत' ठेवलं यात नवल नाही. हे भरीत तो लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर सोडून देतो. तिथं 2018 पासून यंत्रांना 'बॉट' म्हणून वेगळं खातं मिळतं. रात्री कधीतरी ब्राझीलचा नाही तर पोलंडचा कुणाचा बॉट आव्हान देतो आणि डाव सुरू होतो. त्या बॉटचा मालक बहुधा झोपलेला असतो. आमचा मात्र जागा. ताई दारातून डोकावून विचारते, "काय करी राहिना रे?" यावर देता येईल असं खरं उत्तर एकच आहे: काहीच नाही.

हे खूळ आजचं नाही. 1966-67 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा एक प्रोग्रॅम आणि मॉस्कोचा एक, यांच्यात चार डाव तारेनं खेळले गेले. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन देशांतली शहाणी माणसं महिनोन् महिने एकमेकांना खेळ्यांच्या तारा करत होती. मॉस्को 3-1 नं जिंकलं. त्या तारांचा खर्च कोणत्या खात्यात दाखवला असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

पण यात मजा कसली? माजी जगज्जेत्या कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग 2882. यंत्रांच्या यादीतली वरची मंडळी 3500 च्याही पुढे. त्यांच्या खेळ्या आपल्याला कळायच्या नाहीत. शिवाय ती इतकी तोलामोलाची की सरळ खेळू दिलं तर बरोबरीच बरोबरी. म्हणून यंत्रांच्या मोठ्या स्पर्धांत सुरुवातीच्या खेळ्या मुद्दाम एका बाजूला जड अशा ठरवून देतात, आणि तोच डाव रंग बदलून पुन्हा खेळवतात. एवढा खटाटोप करून मिळतं काय, तर रेटिंगचे चार गुण.

मला वाटतं, हे जत्रेतल्या दंगलीसारखं आहे. पहिलवानाला दूध-बदाम घालणारा शेठ स्वतः कधी लंगोट लावत नाही, पण पाठ टेकली की सगळ्यात मोठा उसासा त्याचाच. यंत्राला हरल्याचं दुःख नसतं. ते कुणीतरी करायला हवं ना?

परवा भरीत जवळजवळ जिंकलं होतं. समोर नुसता राजा, आपल्याकडे राजा आणि वजीर. शेंबडं पोरही मात देईल. भरितानं वजीर डावीकडे नेला, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि डाव बरोबरीत सुटला. भाच्यानं कपाळाला हात लावला. आधी काय घडून गेलं हे लक्षात ठेवायला आपण त्याला शिकवलंच नाही, असं तो म्हणाला. 'जिंकतोय' एवढं कळत होतं, त्यामुळे घाई नव्हती. (अशी माणसंही पाहिली आहेत, पण ते असो.)

मग दुरुस्ती. आणि दुरुस्तीनं खरंच फरक पडला का, हे एका डावात कळत नाही. पाचेक गुणांची सुधारणा ठामपणे सांगायची तर हजारो डाव खेळवावे लागतात. स्टॉकफिशसाठी हे काम 2013 पासून जगभरची हौशी माणसं करत आली आहेत: रिकामा वेळ आपल्या संगणकाचा, वीजबिल आपलं, कीर्ती माशाची. आमच्या भरिताला असं गणगोत नाही. त्याच्यासाठी एकच लॅपटॉप, आणि मे महिन्यात धुळ्यात त्याचा पंखा असा घोंघावतो की पिठाची गिरणी चालू आहे असं वाटावं. कूलरचं तोंड पाहुण्याकडे नसतं, लॅपटॉपकडे असतं.

तरी हल्ली जळगावहून फोन लावला की माझ्या तोंडून आधी निघतं, "भरीत काय म्हणतंय?" परवा ताईनं तिथंच तोडलं. म्हणाली, "वर चढलंय बावीस गुणांनी. आता माझे गुडघे विचार."