नऊ लाख सिलेक्टर

आमच्या गावाचं नाव नवलाख उंबरे. पूर्वी इथे नऊ लाख उंबरे होते, असं म्हातारी माणसं सांगतात. आज मोजायला बसलं तर त्यातली बरीच शून्यं गळून पडतील, पण गावाचं काही अडलेलं नाही. जेवढे उंबरे उरलेत, त्यातल्या प्रत्येकावर एक सिलेक्टर बसलेला आहे. क्रिकेट मंडळ पाच माणसांत निवड समिती भागवतं, ती त्यांची गरिबी. आम्ही खात्यापित्या घरचे.

समितीपुढे विषय होता पृथ्वी शॉ की ऋतुराज गायकवाड. तसा हा प्रश्न पुण्या-मुंबईचा. पण २०२५ च्या पावसाळ्यात पृथ्वीने मुंबई सोडली, तो महाराष्ट्राच्या संघात आला आणि प्रश्न एक्स्प्रेसवेने थेट आमच्या मावळात उतरला. महाराष्ट्राचं मैदान गहुंज्यात, गहुंजे मावळ तालुक्यात. टीव्हीवाले त्याला २०१२ पासून ‘पुण्याचं स्टेडियम’ म्हणतात ते सोडा. सातबारा कुठल्या तालुक्यात निघतो हे आम्हाला ठाऊक आहे. तर दोन्ही पोरं आमच्याच खळ्यावर आली म्हटल्यावर त्यांचे दात आम्ही नाही मोजायचे तर कुणी?

दात मोजायचे हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या समितीचे अध्यक्ष आबा. त्यांनी उभ्या आयुष्यात क्रिकेटची बॅट धरली नाही, पण बैलगाडा शर्यतीच्या घाटात चाळीस वर्षं काढली. नवा खोंड कुणी आणला की आबा आधी त्याचं तोंड उघडतात. दुधाचे दात असतील तर आदत. दोन पडून नवे आले की दुसा, मग चौसा, मग सहादाती, शेवटी जुळला. जन्मदाखल्यात खाडाखोड होते, दातांत होत नाही, हा आबांचा सिद्धान्त. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या पोरांचं वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतं, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, “तोंड सोडून हात कशाला बघत्यात? लाच द्यायची असंल.”

समितीचे दुसरे सदस्य गुरुजी. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी माणूस दिसला की त्याला दहावीला किती पडले होते हे त्यांना आठवतं. तिसरा सदस्य एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जाणारा पोरगा. त्याच्या मोबाइलात सगळे आकडे असतात, पण कंपनीची बस दोनच्या आत येत असल्याने त्याचं मत नेहमी अर्धवट राहतं. चौथा मी, सदर लिहितो म्हणून. समितीत मला मत नाही, चहाचे पैसे देण्याचा अधिकार आहे.

गुरुजी पृथ्वीच्या बाजूचे. कारण सरळ आहे, पृथ्वीला शाळेत मार्क भरपूर. २०१३ चा नोव्हेंबर, हॅरिस शील्ड, रिझवी स्प्रिंगफील्डकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा, त्यात ८५ चौकार. पोराला नुकतंच चौदावं पूर्ण झालेलं. गुरुजी हे सगळं बोर्डात आलेल्या मुलाची गुणपत्रिका वाचावी तसं वाचतात. पुढे रणजीत पहिल्याच सामन्यात शतक, दुलीप करंडकात पहिल्याच सामन्यात शतक, २०१८ साली एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाचा विजेता कर्णधार, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. तेव्हा वय १८ वर्षं ३२९ दिवस. त्या दिवशी कुणाला त्याच्यात सचिन दिसला, कुणाला सेहवाग, कुणाला लारा. पृथ्वी तेवढा कुणाला दिसला नाही.

शिफ्टवाला पोरगा ऋतुराजच्या बाजूचा. त्याची अडचण अशी की ऋतुराजच्या शाळेतल्या मार्कांवर कुणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत जायचा, सरळ बॅटने खेळायचा, एवढंच. २०१६ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या संघात तो नव्हता. त्याच वर्षी रणजीत पदार्पण केलं, तर बोट मोडून घेतलं. गुरुजी म्हणतात, “म्हणजे पहिल्याच पेपरला गैरहजर.”

“पण पुढं बघा ना गुरुजी! २०२१ ला आयपीएलमध्ये ६३५ धावा, ऑरेंज कॅप. २०२२ ला विजय हजारेत उत्तर प्रदेशाविरुद्ध एका ओव्हरमध्ये सात सिक्स.”

“एका षटकात चेंडू किती?”

“सहा.”

“मग षटकार सात कसे? खोटं बोलू नये.”

एक नोबॉल होता, हे समजावून सांगेपर्यंत बस आली.

ऋतुराजच्या खात्यावर आणखी एक गोष्ट आहे. तिचं मोल मावळाबाहेर कुणाला कळायचं नाही. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता. अंतिम सामना पावसाने धुऊन नेला आणि क्रमवारी वरची म्हणून सुवर्णपदक भारताला मिळालं. आमच्याकडे चार महिने आभाळ फाटलेलं असतं. पावसाने आजवर आमची भाताची खाचरं भरली आणि घरांची छपरं गळवली, पण कुणाच्या गळ्यात सोन्याचं पदक घातलेलं पाहिलं नव्हतं. आबांनी ऋतुराजला तेवढ्यावर अर्धा गुण दिला.

तर असं रंगात आलेलं असताना मध्येच माझ्या भाच्याचा टेक्सासहून फोन. त्याच्याकडेही हाच घोळ. कॉलेजात खेळणारे दोन पोरगे, दोघेही क्वार्टरबॅक, आणि त्यांच्यातला पुढे जाऊन व्यावसायिक फुटबॉल कोण गाजवणार यावर त्याच्या ऑफिसात दोन तट पडलेले. मी फोन स्पीकरवर टाकला. क्वार्टरबॅक म्हणजे काय, असं आबांनी विचारलं. भाचा म्हणाला, प्रत्येक चालीला चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून आडदांड गडी अंगावर येत असतात, आणि ते पोहोचायच्या आत चेंडू कुठे द्यायचा हे त्याला ठरवायचं असतं.

“मंग घोडीवरचा,” आबा म्हणाले. “गाडा वढायचं काम बैलांचं. ह्यो पुढं पळायचा अन् मागनं चिरडायचं नाय, एवढंच बघायचं.”

यापेक्षा सोपी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

भाचा पुढे सांगत होता. दर वर्षी इंडियानापोलिसला या पोरांची तपासणी भरते. उंची घेतात, वजन घेतात, चाळीस यार्ड पळवून सेकंद लावतात, आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा मोजतात. म्हणजे वीत मोजतात! पाव इंचाने वीत कमी भरली तर पोराच्या भविष्यावर चर्चा झडतात. आबा ऐकता ऐकता सरळ बसले. अमेरिकेत शहाणी माणसं आहेत हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. “खूर बघत्यात का?” त्यांनी विचारलं. भाच्याने बूट काढून पाय बघतात की नाही ते विचारून सांगतो म्हटलं.

एवढी मोजमापं करून फळ काय, तेही त्याच्याकडूनच काढून घेतलं. १९९८ साली तिथे दोन क्वार्टरबॅक होते, टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. व्यावसायिक संघांनी कुणाला आधी उचलावं यावर देशभर खल. पहिला मॅनिंग उचलला, दुसरा लीफ. मॅनिंगने पुढे दोनदा सुपर बोल, म्हणजे तिकडची अंतिम लढत, जिंकला, लीफचा खेळ चार वर्षांत आटोपला. बरं, निदान पहिला नंबर तरी बरोबर आला म्हणावं, तर दोनच वर्षांनी टॉम ब्रेडी नावाचा गडी आला. त्याच्याआधी १९८ जण उचलले गेले, मग हा. त्याने सात सुपर बोल जिंकले. त्याची वीत घेणाऱ्यांचं पुढे काय झालं, असं गुरुजींनी विचारलं. बहुधा त्यांना बढती मिळाली असावी.

पण आपल्याकडे यात नवं काय? १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमची दोन पोरं ६६४ धावांची भागीदारी करून नाबाद परतली. सचिन ३२६, विनोद कांबळी ३४९. तिथे आमचा कट्टा असता, तर त्या संध्याकाळी निकाल स्वच्छ होता. विनोद २३ धावांनी पुढे. गुरुजींनी तर त्याला डिस्टिंक्शन देऊन सचिनला ‘प्रयत्न चांगला’ असा शेरा मारला असता. आणि पुढचं घडू लागल्यावरही आम्हाला लगेच मत बदलायचं कारण पडलं नसतं, कारण १९९३ साली विनोदने लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतकं ठोकली होती.

त्या भागीदारीत आणखी एक पोरगा होता, असं म्हटलं तरी चालेल. तो दोन दिवस पॅड बांधून नुसता बसला होता. अमोल मुजुमदार. भागीदारी काही तुटली नाही आणि त्याचा नंबर काही आला नाही. पुढे रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा, भारताकडून एकही सामना नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा प्रशिक्षक म्हणून बाजूला उभा. मी हे नाव कट्ट्यावर काढलं तर सगळे माझ्याकडे पाहू लागले. तुलनेला दोन लागतात. तिसरा आला की त्याला चर्चा म्हणतात, आणि चर्चेला आमच्याकडे कुणाला वेळ नाही.

कल्याणच्या प्रणव धनावडेने २०१६ च्या जानेवारीत एकट्याने नाबाद १००९ केल्या, तेव्हाची गंमत आठवते. एका शालेय डावात हजार! संघाच्या १४६५. समोरच्या शाळेची पोरं दोन्ही डावांत मिळून शंभराच्या आत. पंधरा वर्षांच्या पोराच्या दारात दोन दिवसांत कॅमेऱ्यांची जत्रा भरली. आबांनी तेव्हाच विचारलं होतं, “त्याच्यासंगं कोण पळत व्हतं?” घाटात गाडा एकटाच पळतो, तरी निशाण पडल्यापासून घड्याळ तेच असतं, कुठलाही बैल त्याच घड्याळाशी पळतो. शाळेच्या मैदानात घड्याळ नाही. समोर कोण आहे हे विचारायची पद्धतही नाही. त्या पोरावर हजार धावांचं ओझं आपण चढवलं आणि पुढच्या प्रत्येक डावात ‘पुढे काय झालं?’ म्हणून विचारत राहिलो. त्याचं चुकलं एवढंच की तो बाद झाला नाही.

घाटाचा विषय निघाला की आबा थोडे गप्प होतात. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. परवानगी मिळाली ती २०२१ च्या डिसेंबरात, आणि घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं १८ मे २०२३ ला. न्यायालयाचं काय बरोबर, काय चूक, ते सांगायला दुसरी सदरं आहेत. पण २०१४ साली आदत असलेला खोंड शर्यती सुरू झाल्या तेव्हा जुळून, म्हातारा होऊन गेला होता. आबांच्या दावणीला तसा एक होता. पांढरा, अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरवणारा. तो किती सेकंदांत पळाला असता, हे कुणाला कळलं नाही. आबा त्याची कुणाशीच तुलना करत नाहीत. बाकी जगातल्या प्रत्येक बैलाची करतात.

असो. गाडा परत गहुंज्याला आणू.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पृथ्वीने गहुंज्यात सरावाच्या सामन्यात आपल्याच जुन्या मुंबईला १८१ मारल्या, वर बाद होऊन जाताना जुन्या सोबत्याशी बाचाबाचीही केली. गुरुजी म्हणाले, “वर्तणूक सोडली तर उत्तम.” आठवड्याभरात रणजीचा पहिला सामना, केरळशी, तिरुअनंतपुरमला. पृथ्वी चौथ्या चेंडूवर शून्यावर पायचीत. महाराष्ट्राची एकही धाव नसताना तिघे बाद, मग १८ वर पाच. त्यातून डाव सावरला कुणी, तर ऋतुराजने, ९१ करून. शिफ्टवाल्या पोराने त्या दिवशी रजा टाकली. पगार कापला गेला तरी चालेल, पण गुरुजींचं तोंड बघायचंच, असा त्याचा निर्धार.

पुढचा सामना चंदीगडला. पहिल्या डावात ऋतुराज ११६, पृथ्वी ८. दुसऱ्या डावात पृथ्वी १५६ चेंडूंत २२२. महाराष्ट्र जिंकला. आता सामनावीर कोण, यावर कट्ट्यावर पैजा. समितीची जन्मात कधी नव्हे एवढी उपस्थिती. आणि बातमी आली की सामनावीराचा मान ऋतुराजला मिळाला आणि त्याने तो पृथ्वीबरोबर वाटून घेतला.

कट्ट्यावर सुतक पडलं.

“वाटून घेतला म्हंजे?” आबा.

“म्हणजे दोघांचा.”

“दोघांचा कसा आसंल? घाटात पैला नंबर दोघांना देत्यात, पण सेकंद सारखे आल्यावर. ह्येंचे सेकंद सारखे हायेत का?”

गुरुजींनाही पटलं नाही. पेपर तपासणाऱ्याने मार्क द्यायचे, विद्यार्थ्यांनी आपसांत वाटून कसे चालतील? इतके दिवस आम्ही दोघांना दोन बाजूंना बांधून ठेवलं आणि ही पोरं परस्पर एकाच दावणीला जाऊन उभी राहिली. समितीला विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर दोघांनीही आमची सोय पाहिलेली नाही. डिसेंबरात ऋतुराजने रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिलं एकदिवसीय शतक ठोकलं आणि पुढच्या मालिकेच्या संघात त्याचं नावच नव्हतं. हे शतक झाल्यामुळे वगळलं की शतक होऊनही, यावर गुरुजी अजून विचार करतायत. त्याच डिसेंबरात, आदल्या वर्षी आयपीएलच्या लिलावात कुणी न घेतलेल्या पृथ्वीला दिल्लीने ७५ लाखांना घेतलं. आबांना आकडा सांगितला. ते बराच वेळ बोटांवर काही मोजत होते. मग म्हणाले, “एवढ्यात घोडीसकट गाडा यिल.”

परवा संध्याकाळी चहाचे पैसे देऊन मी निघालो, तेवढ्यात देवळाच्या पत्र्यावर धाडकन चेंडू आदळला. गल्लीत पोरं खेळत होती. मारणारा सात-आठ वर्षांचा, बॅट त्याच्या कमरेला लागणारी, पण फटका असा की चेंडू पत्र्यावरून पलीकडच्या उसात गेला. आबांनी त्याला बोटाने बोलावलं.

“आ कर.”

पोराने तोंड उघडलं. पुढचे दोन दात पडलेले, नवे अजून यायचे होते.

“आदत,” आबा म्हणाले. “दुसा व्हायला आला.”

गुरुजींनी चष्मा पुसला, पोराकडे एकदा पाहिलं आणि गल्लीकडे मान वळवून हाक मारली, “अरे, बॉलिंग कोण टाकत होतं? त्याला पण पाठवा इकडं.”