ट्रेकरकाका

सह्याद्रीतल्या सुरुवातीच्या भटकंतीवर कुणी माहितीपट दाखवतंय म्हटलं की ट्रेकरकाका हजर. अंगात सतरा खिशांचं जाकीट, पायांत हंटर शूज, गळ्यात शिट्टी. वातानुकूलित सभागृहात वाट चुकायची भीती तशी कमीच, पण काका गाफील राहत नाहीत. कडेची खुर्ची पकडतात आणि सॅकमधून भडंगाचा डबा काढतात.

काका माहितीपट पाहत नाहीत, तपासतात. कर्नल साइक्सना १८३५ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोलाकार इंद्रधनुष्य, दिसलं, असं निवेदक म्हणतो न म्हणतो तोच शेजाऱ्याच्या कानाशी खुसफुस, "आम्हालाही दिसलं होतं, ७२ साली. साहेबाच्यापेक्षा मोठं." १९५४ मध्ये मुंबईत 'गिरिविहार' ही गिर्यारोहण संस्था सुरू झाल्याचा उल्लेख येतो. "त्याआधी लोक काय लिफ्टने जायचे?" गडाच्या पायथ्याच्या पाचनईची डांबरी सडक दिसली की काकांना सुतक लागतं. बासरी सुरू झाली की पारा चढतो. "डोंगरात बासरी नसते, गोमाश्या असतात!" हे मात्र मला शंभर टक्के पटतं.

मग येतो तो कृष्णधवल फोटो. हरिश्चंद्रगडावरचं पाण्याचं टाकं, काठावर हाफ पँटमधली पोरं, काजळी धरलेलं पातेलं आणि उजव्या कोपऱ्यात अर्धवट काहीतरी.

"तो हात माझा!" काका उभेच राहतात.

पुढच्या रांगेत दुसरं जाकीट उठतं. "अहो, माझा आहे तो!"

"तुम्ही चढलात कुठून?"

"खिरेश्वरहून, टोलारखिंडीतून."

"हात्तिच्या! तिथून शाळेच्या सहली जातात. आम्ही बेलपाड्याहून, नळीच्या वाटेने."

"आम्ही उतरलो नळीने. अंधारात."

"बॅटरी होती ना?"

"होती. सेल नव्हते."

प्रेक्षकांना आता पडद्यापेक्षा इकडेच रस. दिग्दर्शक पोरगा बिचारा माइक हातात घेऊन चाचरत म्हणतो, "काका, तो हात नाहीये. निवडुंग आहे."

क्षणात दोन्ही जाकिटं एका बाजूला. "तुझा जन्म तरी झाला होता का रे तेव्हा?"

"निवडुंगाच्या मनगटावर घड्याळ असतं का?"

"नीट बघ, एचएमटी आहे!"

"एचएमटी? छे, फेवर ल्युबा. माझ्या सासऱ्यांनी दिलेलं."