उचल

पाळकसाहेबांनी 'चार दिवस दुभाषा म्हणून जाशील का?' असं विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. आमच्या नगरच्या ख्रिस्ती घराण्याला मिशनने तीन गोष्टी दिल्या: ऑर्गन, पाव आणि इंग्रजी. पैकी ऑर्गन वाळवीने खाल्ला, पाव आम्ही खातो आणि इंग्रजी अशा वेळी उपयोगी पडतं.

अमेरिकेतल्या एका मंडळीचे अकरा जण दहा दिवसांच्या सेवेला येणार होते. ठिकाण, पेण तालुक्यातली एक कातकरी वाडी. महिना, जानेवारी. तिकडे कोणीतरी फार विचार करून तो निवडला असावा. पाऊस नाही, ऊन बेताचं आणि कॉलेजांना सुट्टी.

विमानतळावर अकराही जण एकाच निळ्या टीशर्टात बाहेर आले. सामानात दोनशे टूथब्रश, फुगे, रंगाचे ब्रश आणि दर माणशी पाणी गाळायची एक बाटली. टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, म्हणून 'फक्त सेवा करायची' अशी तंबी सगळ्यांना मिळालेली. तरी त्यांच्या पुढाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलंच, "पण लोकांनी आपणहून काही विचारलं तर?"

म्हटलं, "लोक आपणहून पगार विचारतात. फार तर लग्न झालंय का, ते विचारतील."

पनवेल सोडलं आणि मुंबई-गोवा महामार्गाने आम्हाला हातात घेतलं. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हा गाडीतली निम्मी मुलं प्राथमिक शाळेतही गेली नव्हती. धक्के विसरावेत म्हणून मी शेजारच्या मुलाला मिशनरी गॉर्डन हॉलची गोष्ट सांगितली. हा तुमचाच माणूस, १८१३ साली मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि १८२६ साली इकडेच कॉलऱ्याने गेला, मधे एकदाही घरी गेला नाही. मुलगा हळहळला.

"तेरा वर्षं? त्याला एवढी रजा कशी मिळाली?"

हमरापूरजवळ चहाला थांबलो. रस्त्यालगतच्या शेडमध्ये गणपतीच्या शेकडो कच्च्या मूर्ती ओळीने बसलेल्या, पांढऱ्याफेक, अजून डोळे नसलेल्या. त्या पाहून एक मुलगी इतकी कळवळली की थेट ब्रश काढूनच आली. रंगवायचं एवढं काम पडलंय, आपण अकरा जण आहोत, हातभार लावू या का? पुढाऱ्याचा चेहरा त्या मूर्तींच्या रंगाचा झाला. मी तिला समजावलं की बाई, डोळ्यांची आखणी करायला इथे माणसं वर्षानुवर्षं हात बसवतात, तुला तर दहा दिवसांत परतायचंय.

वाडीवर पोचलो. बहुतेक घरांना कुलपं, काही दारं नुसती सुंभाने बांधलेली. अंगणात एक म्हातारा, दोन कोंबड्या आणि एक कुत्रं. ठरल्याप्रमाणे अकरा जणांनी हातवाऱ्यांसह गाणं म्हटलं. कुत्र्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"मानसं कुठं गेली, बाबा?"

"भट्टीवं," म्हातारा म्हणाला. एवढं साधं कसं ठाऊक नाही, असा सूर होता.

मला तरी ठाऊक असायला हवं होतं. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की चूलबोळकं, पोरंबाळं घेऊन वीटभट्टी गाठायची आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. म्हणजे सेवेचा हंगाम आणि वाडी रिकामी असण्याचा हंगाम नेमका एकच. कातकऱ्याला घरी गाठायचं तर आषाढात यावं, पण आषाढात विमानातून उतरून चिखल तुडवत येतो कोण?

मग अंगणवाडीची भिंत रंगवली. खरवडताना निळ्याखाली पिवळा लागला आणि पिवळ्यात हाताचे पंजे, खाली इंग्रजीत नावं. मागची एखादी तुकडी असावी. आमच्या लोकांनी त्यांच्यावर आपले पंजे उमटवले.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेलो. मालक बरा माणूस होता, म्हणजे आम्हाला त्याने चहा दिला. एक बाई उकिडवी बसून विटा पाडत होती. चिखलाचा गोळा उचलायचा, साच्यात आपटायचा, वरचा जास्तीचा भाग हाताने निपटायचा, साचा पालथा घालून अलगद उचलायचा. हजारावर भाव, तेव्हा मान वर करायला सवड नाही. सहा फुटी एका पोराने मोठ्या हौसेने साचा मागून घेतला. त्याची पहिली वीट बसली ती पेणच्या पापडासारखी. दुसरी थोडी जाड. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

बाईने मला विचारलं, "ही कुठली मानसं?"

"अमेरिकेची."

"लांब हाय?"

"विमानाने अख्खा दिवस."

"मग उचल किती घेतली?"

म्हटलं, उचल नाही हो मावशी, आपणहून आलीत.

"उचल घेतल्याबिगर एवढं लांब कोन जातं?"

मी पुढाऱ्याला विचारलं. तो जरा लाल झाला. प्रत्येकाने नातेवाइकांना पत्रं पाठवली होती, केक विकले होते, लोकांच्या गाड्या धुतल्या होत्या, उरलेले पैसे मंडळीने घातले. तसं मी मराठीत सांगितलं.

"म्हंजी घेतलीच की," ती म्हणाली. "आन् फेडायची कशी?"

"परत गेल्यावर रविवारी देवळात सगळ्यांपुढे उभं राहायचं. केलेल्या कामाचे फोटो दाखवायचे."

तिला ते पटलं. मग त्या पोराच्या दोन विटांकडे बोट करून म्हणाली, "यांचा काडला का फोटू?"

"काढला."

"मंग मोडते," म्हणाली आणि दोन्ही विटा तिने पुन्हा चिखलात घातल्या.