फुगलेली आभासी डिस्क बारीक करणेबाबत

सदर मार्गदर्शिका जालना जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांना लागू आहे. ज्यांच्या संगणकाच्या पोटात दुसरा एक संगणक राहतो आणि तो आतला संगणक बाहेरच्याची जागा खात सुटला आहे, अशा कोणत्याही डीटीपी सेंटरला, झेरॉक्सच्या दुकानाला किंवा पॉलिटेक्निकच्या पोराला ती वापरता येईल. शिक्षणाची अट नाही. मोकळा वेळ आणि चालू इन्व्हर्टर मात्र लागेल.

अर्जदाराने सर्वप्रथम आपल्याकडे आभासी मशीन आहे हे कबूल करावं. पुष्कळ दुकानांत ते असतं आणि मालकाला पत्ता नसतो. डेस्कटॉपवर ‘जुनं मराठी’ अशा नावाचं एक चिन्ह असतं. कधीतरी भाच्याने ते करून दिलेलं असतं. भाचा आता हिंजवडीला असतो आणि फोन उचलत नाही. त्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की विंडोज १० च्या आत एक चौकट उघडते, चौकटीत हिरवी टेकडी आणि निळं आभाळ येतं, आणि ऑपरेटर पेजमेकर उघडून ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ टाइप करायला लागतो. हेच आभासी मशीन. याला जागा लागते.

एवढी उठाठेव कशाला, असं बाहेरगावचा माणूस विचारतो. त्याला सांगावं की पेजमेकर ७ ही त्या घराण्याची शेवटची आवृत्ती, २००१ सालची. तिला युनिकोड कळत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि त्या काळातली तशीच इतर पॅकेजेस घेऊन आपण वीसेक वर्षं पत्रिका छापल्या. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली आहेत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर काहीही. तीच फाईल नव्या संगणकावर उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंस, स्वल्पविराम आणि टक्क्याची खूण येते, आणि मग नवरीकडची मंडळी दुकानात येतात. विंडोज एक्सपीची देखभाल आपण ८ एप्रिल २०१४ पासून थांबवत आहोत असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. लग्नसराईने ते मनावर घेतलं नाही. जुने सीपीयू एकेक करून गेले, आणि एक्सपीला नव्या संगणकाच्या आत जागा करून द्यावी लागली.

ही युक्ती आपल्या भाच्याची नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकातच एका अवाढव्य यंत्रात अनेक खोटी यंत्रं चालवून दाखवली होती. १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये हे टेबलावरच्या पीसीवर आणलं. आपल्याकडचं व्हर्च्युअलबॉक्स जर्मनीतल्या इनोटेक कंपनीचं, २००७ पासून खुलं झालेलं. पुढच्या वर्षी ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. मालक बदलत गेले, पण माल फुकटच राहिला, म्हणून ते भोकरदन नाक्यापर्यंत पोचलं.

आता रोगाचं मूळ. मशीन तयार करताना डिस्क केवढी हवी असं विचारतात. आपण मन मोठं करून ६० जीबी लिहितो, कारण लिहायला पैसे पडत नाहीत. डिस्क ‘डायनॅमिक’ निवडलेली असली तर सुरुवातीला फाईल अगदी किरकोळ असते आणि लागेल तशी एकेक एमबीच्या ठोकळ्याने वाढते. वाढते म्हणजे वाढतेच. आतल्या एक्सपीत वीस जीबीचा कचरा टाकला तर बाहेरची व्हीडीआय फाईल वीस जीबीने फुगते. तोच कचरा दुसऱ्या दिवशी काढून टाकला तर बाहेरची फाईल एका केबीनेही उतरत नाही.

इथे मालक म्हणतो, “अहो, डिलीट केलं ना मी सगळं. रिसायकल बिनसुद्धा.” त्याचं म्हणणं खरं आहे. पण डिलीट करणं म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी करणं. तलाठ्याने फेरफार ओढला, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला, नोंद गेली. शेतात मोसंबी मात्र तशीच उभी, विहिरीवर मोटार तीच, आणि बांधावर बिडी ओढत बसलेला माणूसही तोच. आतल्या विंडोजच्या दप्तरी ती जागा मोकळी. बाहेरच्या विंडोजला दप्तर दिसत नाही, त्याला बसलेला माणूस दिसतो, आणि बसलेल्या माणसाला उठवण्याची त्याची छाती नाही. आतला फेरफार बाहेर कळवण्याची रीत पुढे निघाली, तिला ट्रिम म्हणतात. ती विंडोज ७ पासून आली. एक्सपीच्या काळात अशी रीत नव्हती. म्हणून आपल्याला नोंदीवर न थांबता ताबा सोडवायचा आहे, आणि संगणकात ताबा सोडवणं म्हणजे त्या जागेवर शून्यं लिहिणं. सगळा ठोकळा शून्यांचा दिसला तरच बाहेरचा माणूस ती जमीन परत घेतो.

पहिलं काम पंचनामा. आतल्या एक्सपीची डी ड्राइव्ह उघडावी आणि दोन पंचांसमक्ष फोल्डरांची नावं मोठ्याने वाचावीत. ‘फायनल’. ‘फायनल नवीन’. ‘फायनल नवीन करेक्शन’. ‘पाटील फायनल २’. ‘पाटील फायनल २ हे घ्या’. आत तीनशे डीपीआयचे तेच ते गणपती, टिफमध्ये, प्रत्येक पत्रिकेला स्वतंत्र. ज्या नवरानवरीची ही पत्रिका, त्यांच्या बाळाच्या बारशाची पत्रिका शेजारच्याच फोल्डरात आहे, आणि त्याच बाळाचा ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असा मजकूर त्यापुढच्या फोल्डरात. ‘नगर परिषद, जालना’ लिहिलेले लेटरहेड आहेत, जरी २०२३ मध्ये तिची महानगरपालिका झाली. ‘औरंगाबाद’ लिहिलेले पत्ते आहेत, जरी त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. राजूरच्या अंगारकीचे फलक आहेत. त्यात फक्त तारीख बदलते आणि फाईल दरवेळी नवी होते.

यातलं काय काढायचं, असं विचारल्यावर मालक हमखास म्हणणार, “राहू द्या ना भाऊ. कुणी मागितलं तर?” यावर या जिल्ह्यात तरी वाद घालण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनाने राज्य हललं, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींसाठी मराठवाडाभरच्या रेकॉर्ड रूम उपसल्या गेल्या. मोडीतले कागद, उर्दूतले कागद, वाळवीने खाल्लेले कागद. कागद फेकू नये म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या वर्षी सरकारी शिक्का मिळाला. तेव्हा तडजोड अशी करावी: प्रत्येक गिऱ्हाइकाची शेवटची एक फाईल ठेवावी, ती बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावी, आणि ‘हे घ्या’च्या आधीच्या सगळ्या आवृत्त्यांना निरोप द्यावा. पंचांच्या सह्या घ्याव्यात.

रिसायकल बिन रिकामा करणे, सिस्टीम रिस्टोर बंद करणे, हायबरनेशन चालू असल्यास बंद करणे ही किरकोळ कामं उरकून घ्यावीत. हायबरनेशनची एकटी फाईल मशीनला दिलेल्या रॅमएवढी असते आणि तिचा पत्रिकांशी काहीही संबंध नसतो. मग डीफ्रॅग चालवावं. हे टाळू नये. एक एमबीच्या ठोकळ्यात कोपऱ्यात एखाद्या फॉन्टचा तुकडा पडून असला तरी अख्खा ठोकळा अडतो. डीफ्रॅगने विखुरलेले तुकडे एकत्र आले की उरलेले ठोकळे खरोखर मोकळे होतात.

यानंतर शून्यं भरणे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात एसडिलीट नावाचं एक छोटं, फुकट अवजार आहे. ते काळ्या पडद्यावर चालतं. पडदा काळा असला तरी हे काम कायदेशीर आहे. त्याला एक अक्षर सांगावं लागतं, आणि इथे मोठमोठे आडवे झाले आहेत. नव्या आवृत्तीत ‘झेड’ म्हणजे मोकळ्या जागेत शून्यं भर, आणि ‘सी’ म्हणजे गुप्त माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून मोकळ्या जागेत वाटेल ते आकडे कोंब. जुन्या आवृत्तीत हे दोन अर्थ नेमके उलट होते, आणि एक्सपीला जुनीच मानवते. अक्षर चुकलं की बारीक व्हायला निघालेली फाईल पुरती ६० जीबी होऊन बसते. म्हणून आधी मदतीचं पान उघडून दोन्ही अक्षरांसमोर काय लिहिलंय ते वाचावं. पॉलिटेक्निकच्या पोरांच्या मशीनमध्ये लिनक्स असतं. त्यांनी झिरोफ्री वापरावं आणि या परिच्छेदाला हसू नये.

आता आतलं मशीन बंद करावं. बंद म्हणजे शट डाउन. ‘सेव्ह द स्टेट’ म्हणून चौकट मिटवणं म्हणजे बंद नव्हे. ती झोप आहे. स्नॅपशॉट घेतलेले असतील तर तेही आधी निकाली काढावेत. स्नॅपशॉट म्हणजे पूर्वीच्या स्थितीची राखीव प्रत, आणि तो असेपर्यंत नंतरचा सगळा बदल वेगळ्या फाईलीत साचत जातो. भाच्याने ‘सेफ्टीसाठी’ घेऊन ठेवलेला एखादा स्नॅपशॉट सापडतोच. तो काढायला घेतला की फाईली एकत्र करण्याचं काम चालतं, त्यालाही मोकळी जागा लागते. डिस्क गच्च भरेपर्यंत थांबलेल्यांची इथे पंचाईत होते.

मग बाहेरच्या विंडोजच्या काळ्या पडद्यावर मुख्य हुकूम द्यावा: व्हीबॉक्समॅनेज, त्यापुढे मॉडिफायमीडियम, डिस्क, मग व्हीडीआय फाईलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत, आणि शेवटी दोन आडव्या रेघा देऊन कॉम्पॅक्ट. अवतरणचिन्हं विसरू नयेत. ‘जुनं मराठी’मध्ये मध्येच एक रिकामी जागा आहे आणि संगणक तिथेच अडतो. एंटर मारल्यावर पडद्यावर ०%, तीन टिंबं, १०%, तीन टिंबं, २०% असं उमटत जातं. कधी दहावरून वीसवर जायला इतका वेळ लागतो की गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं. या काळात कुणीही काहीही दाबू नये, आणि वीज जाऊ नये. दुसऱ्या अटीवर आपला ताबा नसल्याने इन्व्हर्टर सुरुवातीलाच सांगितला आहे.

मुहूर्त. वैशाखात हे काम निषिद्ध; दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ज्येष्ठात मृगाच्या तोंडावर बियाण्यांची पत्रकं येतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको काढली, तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव झालं, आणि पेरणी काही पत्रकासाठी थांबत नाही. आषाढीपासून लग्नं थांबतात, पण श्रावण अर्धा झाला की गणेश मंडळांची पावतीपुस्तकं सुरू. मग नवरात्र, मत्स्योदरी देवीचे फलक, दिवाळीच्या शुभेच्छा, तुळशीचं लग्न, आणि पुन्हा माणसांची लग्नं. एकूण आषाढ शुद्ध द्वादशी ते श्रावणाचा पूर्वार्ध एवढीच खिडकी उरते, तीही कुठली निवडणूक लागलेली नाही असं धरून.

काम झाल्यावर मालक एक्सपी उघडतो, माय कॉम्प्युटरमध्ये जातो आणि म्हणतो, “यात तर ६० च दिसतंय.” बरोबर आहे. कमी झाली ती बाहेरची फाईल. आतल्याला दिलेलं वचन ६० जीबीचंच राहतं. त्याला बाहेर आणून फाईलवर उजवं क्लिक करून आकडा दाखवावा. तरीही त्याचा विश्वास बसला नाही तर वाद न घालता बिल करावं.

व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि क्यूईएमयू वाल्यांसाठी अवजारं वेगळी, तत्त्व तेच. क्यूईएमयूमध्ये सहसा बारीक केलेली नवी प्रत तयार होते आणि जुनी आपण काढतो, म्हणजे जागा वाचवायला आधी जागा असावी लागते. ‘फिक्स्ड’ डिस्क केलेल्यांना मात्र कॉम्पॅक्ट चालत नाही. त्यांनी आधी तिची डायनॅमिक प्रत काढावी.

खरा उपाय वेगळाच आहे आणि तो कुणाला आवडत नाही. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात एवढंच. नव्या पत्रिका युनिकोडमध्ये करायला लागलात आणि जुन्यांतल्या कामाच्या तेवढ्या उतरवून घेतल्यात, तर काही वर्षांत आतल्या एक्सपीची गरजच राहणार नाही. नाहीतर बारीक केलेली डिस्क पुढच्या लग्नसराईत पुन्हा फुगणार, कारण ‘फायनल’ कुणी एकदाच सेव्ह करत नाही.

तोपर्यंत एवढं करा: कॉम्पॅक्ट करण्याआधी व्हीडीआय फाईलची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि त्या प्रतीतून एक्सपी सुरू होऊन त्यातली एक तरी पत्रिका उघडते का ते बघा. मगच हुकूम द्या.