वाचून काय झालं?

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ संपवली. धरणग्रस्तांची जुन्या गावात मागे राहिलेली म्हैस रानटी होते, ही गोष्ट. साहित्य अकादमीने 2023 साली गौरवलेली. वाचताना डोळे पाणावले. ते धुवायला उठलो. तिसऱ्या मजल्यावर नळ सोडला, तर पाणी धो धो. हे कुठल्या धरणाचं, कुणाच्या गावावरून आलेलं, हा विचार मनात आला खरा. पण तोवर गीझर तापला होता.

मग शरद बाविस्करांचं ‘भुरा’. दहावीला इंग्रजीत नापास झालेला धुळ्याकडचा मुलगा पुढे जेएनयूत फ्रेंच शिकवतो. भारावून जाऊन भाच्याला वाचायला दिलं. चार दिवसांनी त्याने परत केलं आणि विचारलं, ‘‘मामा, म्हणजे इंग्रजीत गेलो तरी चालेल ना?’’ तेव्हापासून ते आत्मकथन कपाटाच्या वरच्या फळीवर, च्यवनप्राशच्या मागे आहे.

शेवटी नंदा खरे यांची ‘उद्या’. माणसाच्या बारीकसारीक हालचालींवर नजर ठेवणाऱ्या जगाचं भेदक चित्र! फोनवरून मागवली. दुसऱ्या मिनिटाला फोनने अशीच आणखी सहा पुस्तकं सुचवली. अंगावर काटा आला. त्यातली दोन सवलतीत होती, घेऊन टाकली.

खऱ्यांनी या कादंबरीचा अकादमी पुरस्कार नाकारला होता. तो बाणेदारपणा मला फार भावला. परवा आमच्या वाचनालयाने ‘उत्कृष्ट वाचक’ म्हणून माझा सत्कार केला, तेव्हा शाल घेताना मी नेमकं हेच बोललो. नारळही घेतला.