कोरड्या पऱ्यावरचा बंधारा

आमच्या मिरजोळ्याला देवाने आणि सरकारने मिळून हात आखडता घेतलेला नाही. एमआयडीसी दिली, उशाला विमानतळ दिला आणि मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसराचा पत्तासुद्धा मिरजोळे एमआयडीसीचाच दिला. शहर इतकं जवळ की कॉलेजच्या पोरांना सकाळी ग्रामसेवा उरकून दुपारी घरच्या आमटीभाताला पोचता येतं. ग्रामीण भारत बघायचा तर याहून सोयीचा कुठे मिळणार? सह्याद्रीच्या कुशीतल्या खरोखरच्या दुर्गम वाडीत मुक्कामाची एसटी असते, मोबाइलला रेंज नसते आणि रेंज नसली की सेवा केल्याचा जिओटॅग फोटो जात नाही. फोटो गेला नाही तर सेवा झाली हे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या समितीला कळणार कसं?

इतिहासाने मात्र हे प्रकरण बरंच गंभीरपणे सुरू केलं होतं. २४ सप्टेंबर १९६९. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव. ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ब्रीद ठरलं: मी नव्हे, तर तुम्ही. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, एवढं केलं की प्रमाणपत्र. त्या १२० तासांचीही वाटणी आहे. २० तास सेवा म्हणजे काय ते समजून घ्यायचे, ३० तास कॉलेजच्याच आवारात राबायचं, आणि उरलेले ७० समाजाचे. हिशोब सरळ आहे. आवारातले ३० बागेत जातात, समजून घ्यायचे २० पाहुण्यांच्या मनोगतात जातात. समाजाच्या ७० तासांत प्रभातफेरी, उद्घाटन, समारोप आणि आभार बसवून जो वेळ उरेल तेवढ्यात खेड्याचा कायापालट करायचा. गांधीजींनाही एवढी घाई नव्हती.

आता तर नवं शैक्षणिक धोरण आलं. पूर्वी सेवेबद्दल दहा वाढीव गुण मिळत. काठावरचा पोरगा त्या दहांवर तरून जाई आणि आयुष्यभर समाजाचे आभार मानी. आता समाजाशी जोडून घेणं हा रीतसर अभ्यासक्रमच झाला, त्याला क्रेडिट आले. दोन क्रेडिट म्हणजे क्षेत्रकार्याचे ६० तास. ज्याला हौस होती तो जात होता, आता ज्याला नाही त्यालाही जावं लागणार. स्वयंसेवा सक्तीची करून दाखवणं हे आपल्याच देशाला जमू जाणे!

या सक्तीची पहिली झळ लागते ती वाडीतल्या म्हाताऱ्यांना. पोरं पोरी चारचारच्या घोळक्याने येतात, हातात प्रश्नावली. घरात माणसं किती, शौचालय आहे का, पाणी कुठून आणता, वर्तमानपत्र येतं का. ओटीवर बसलेली आजी त्यांना आधी गुळपाणी विचारते. ‘‘बाय माझे, गेल्या साली पण पोरं आली होती, हेच विचारलंनी. त्याच्या आदल्या साली पण. मी सांगितलं ते तुमच्याकडं लिहून नाय?’’

‘‘आजी, ते दुसऱ्या कॉलेजचे होते.’’

‘‘मग मी काय कॉलेज बदललं की घर बदलते?’’

तिचं उत्तर ‘इतर’ या रकान्यात जातं. तो रकाना मिरजोळ्यातच काय, कुठेही कुणी उघडून वाचल्याचं ऐकिवात नाही.

पण मला बोलायचं आहे ते बंधाऱ्याबद्दल. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जांभा तो पितो आणि सोडून देतो. ऑक्टोबरात खळाळणारा पऱ्या नाताळपर्यंत गोट्यांचा रस्ता होतो, आणि एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यातल्या सड्यावरच्या कितीतरी वाड्या टँकरची वाट बघत बसतात. यावर वनराई बंधारा हा झकास उपाय आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोणी माती-वाळूने भरा, पऱ्याच्या आडव्या रचा, फटी चिखलाने लिंपून घ्या. खर्च जवळजवळ नाही, इंजिनीयर नको, टेंडर नको. वीस-पंचवीस तरणे हात असले की दिवसभरात बंधारा उभा राहतो आणि खालच्या विहिरीचं पाणी थोडं जास्त दिवस टिकतं. पावसात तो वाहून जातो, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बांधायला मोकळे. विद्यार्थ्यांसाठी इतकं नेमकं काम ब्रह्मदेवाला सुचलं नसतं.

अट एकच. पऱ्या वाहत असताना बांधायला हवा. वाहतं पाणी अडवायचं असतं. वाहून गेलेलं अडवायची विद्या अजून कुठल्याच सेमिस्टरमध्ये नाही.

आता वेळापत्रक बघा. पाणी वाहतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, मग पेपर तपासणी. शिबिराला मुहूर्त लागतो डिसेंबरच्या शेवटी, नाहीतर जानेवारीत. तोवर पऱ्या ठणठणीत. मग त्या कोरड्या गोट्यांवर गोणींची भिंत उभी राहते. पाय ओले होत नाहीत, बूट खराब होत नाहीत, बॅनर वाऱ्याने उडत नाही. फोटो तर असा येतो की पाणी मध्ये आलं असतं तर बिघडलाच असता. अहवालात वाक्य पडतं, ‘जलसंधारणाचे मोलाचे कार्य’. बंधाऱ्यामागे साठतो तो पाचोळा. एखाद्या जाणत्या कार्यक्रम अधिकाऱ्याला हे सगळं पक्कं ठाऊक असतं, तो नोव्हेंबरची परवानगी मागतोसुद्धा. परवानगीचं पत्रही वरून खाली येता येता वाटेत सुकतं.

गावाला हात लागतात ते दिवस तरी कुठे कॉलेजला सोयीचे आहेत? जूनच्या शेवटी नि जुलैत लावणी, माणूस मिळत नाही. तेव्हा प्रवेशाच्या याद्या लागत असतात. मेमध्ये पाणी नसतं, तेव्हा सुट्टी. गणपतीत चाकरमानी येतात, त्यांचा कचरा मागे राहतो. तेव्हा कॉलेजलाही गणपतीचीच रजा. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मात्र आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन असतो, त्या दिवशी सगळ्या जगाला समुद्र आठवतो. भाट्याच्या वाळूवर एकेका बाटलीमागे तीन स्वयंसेवक लागायची वेळ येते.

आणि गंमत म्हणजे ही पोरं कामाला वाईट नाहीत हो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. कॉलेजं तेव्हा कोरोनामुळे मोबाइलच्या पडद्यावर भरत होती. शिबिर नाही, उद्घाटन नाही, हजेरीपट नाही. तरी जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरून माणसं फावडी-घमेली घेऊन गेली, त्यांत कॉलेजची पोरंही होती. त्यांनी अनोळखी लोकांच्या घरांतला, दुकानांतला गुडघाभर चिखल उपसला, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर आणून टाकल्या. त्या चिखलाचे तास कुणी मोजले नाहीत आणि मोजायला कुणी सांगितलंही नाही. पुरानेच परीक्षा विभागाला न विचारता तारीख ठरवली होती. विद्यापीठाला नदीचा हा बेशिस्तपणा सहन होणं कठीणच.

म्हणून मी येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडणार आहे. नोव्हेंबरात येणाऱ्या गटालाच पऱ्या मिळेल. डिसेंबरात येणाऱ्यांना पथनाट्य. व्यसनमुक्तीचं करावं, संध्याकाळी सातनंतर करू नये, प्रेक्षक दुसरीकडे असतात. जानेवारीत येणाऱ्यांना सर्वेक्षण, पण आधी गेल्या वर्षीचा अहवाल आजीच्या ओटीवर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. ती चुका सांगेल, त्या तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. सेवा पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर ग्रामपंचायतीचा सही-शिक्का लागतो, तो आम्ही आनंदाने देऊ. मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत, कार्यालयीन वेळेत, विद्यार्थ्याने समक्ष येऊन न्यावा. येताना बंधाऱ्याच्या खालच्या विहिरीत डोकावून पाणी किती ते लिहून आणावं, दाखल्यात तेवढीच जागा कोरी ठेवली आहे.